एकशे दहावी स्लाइड

तुर्भ्याच्या आमच्या पॅकिंग कारखान्यात कामगारांना प्रशिक्षण देणं हे माझं काम. सुरक्षेचं प्रशिक्षण मी दिवसभराचं करून ठेवलं होतं. एकशे वीस स्लाइड, मध्ये वडा-चहा. हजेरीपटावर सह्या मात्र सकाळीच घ्यायच्या, संध्याकाळी बसच्या घाईत कोणी निसटायला नको म्हणून.

एका तुकडीच्या वेळी अशीच बसची वेळ झाली. पाकिटांची तोंडं तापवून चिकटवणाऱ्या सीलिंग मशीनमध्ये पाकीट अडकलं तर काय करायचं, हे एकशे दहाव्या स्लाइडवर होतं. शेवटच्या स्लाइड मी न वाचताच पुढे ढकलल्या. सगळे बसकडे पळाले.

दीड महिन्याने त्याच तुकडीतल्या, शिरवण्याहून येणाऱ्या एका बाईंच्या मशीनमध्ये पाकीट अडकलं. मशीन चालू असतानाच त्यांनी हात घातला. दोन बोटं भाजली. चौकशीत मी हजेरीपट पुढे केला. "प्रशिक्षण दिलं होतं. ही सही." चूक त्यांची ठरली, ताकीदपत्र मिळालं. मी गप्प बसलो. दोन वर्षं. कॅन्टीनमध्ये त्या दिसल्या की मी रांग बदलायचो.

यंदा लाइनप्रमुख म्हणून त्यांचं नाव निघालं आणि त्या ताकीदपत्रापाशी अडलं. तेव्हा मात्र राहवेना. आधी त्यांच्याकडे गेलो, सगळं सांगितलं.

त्या स्वतःच्या भाजलेल्या बोटांकडे बघत राहिल्या. "मना वाटलं, शिकवताना मीच झोपले व्हते. घरीपन तेच सांगितलं."

त्याच दिवशी मी व्यवस्थापकांना लेखी दिलं. भरपूर बोलणी खाल्ली. ताकीदपत्र रद्द झालं.

नवं प्रशिक्षण आम्ही दोघांनी बसवलं. मी सात मुद्दे लिहून नेले, त्यांनी सहा खोडले. "एकच शिकवा. आदी बटन बंद, मंग हात." मशीनपाशीच दहा मिनिटं, प्रत्येकाने स्वतः करून दाखवायचं. आठ दिवसांनी न कळवता पुन्हा. सही त्यानंतर.

पहिला नंबर त्यांनी माझाच लावला. धोका नको म्हणून मशीनची वीज मागच्या बाजूने काढून ठेवली होती. पाकीट अडकवलं आणि मी सरळ हात पुढे केला. त्यांनी मनगटावर फटका मारला.

"ओ साहेब! तुमची तर सही हाय ना?"

अख्खी लाइन हसली. मीही.

आठ दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला गाठलं. "चला, पाकीट अडकलंय."

या वेळी हात आधी बटणाकडे गेला. नव्या लाइनप्रमुखांनी हजेरीपट पुढे केला, पेनाचं टोपण काढून दिलं.