विचारून उघडायचं

उत्तरेतल्या एका शहरात, सेक्टर एकोणचाळीसमधल्या आमच्या संशोधन संस्थेत कॉम्प्युटरचं काम साताऱ्याच्या एका बाईंकडे होतं. बोलणं तोडून टाकल्यासारखं, आणि दर वाक्याच्या शेवटी “कळलं?” नवा कॉम्प्युटर जोडला की तो आपणहून नेटवर्कवर सगळ्यांना दिसायचा, त्यातले फोल्डरही उघडेच. बाई आधी ते बंद करायच्या. “ज्याला दाखवायचंय तो उघडेल. कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीनं का ठरवायचं? कळलं?”

एकदा बाई रजेवर असताना एका विद्यार्थिनीला नवा कॉम्प्युटर मिळाला, तो उघडाच राहिला. विभागप्रमुखांनी आपल्या खुर्चीतूनच तिचे निष्कर्ष वाचले आणि बैठकीत स्वतःचे म्हणून सांगितले. ती पोरगी जागेवर बसून रडली. बाईंनी परत येताच सगळे कॉम्प्युटर बंदिस्त केले.

प्रमुखांनी बाईंना बोलावून घेतलं. “मॅडम जी, सब खुला रखिए. छुपाना क्या है?”

“छुपाना नहीं है, सर. पूछना है.”

त्याच आठवड्यात बाईंचं काम काढून घेतलं आणि सगळे कॉम्प्युटर पुन्हा उघडे झाले. मग बाई चहाच्या सुट्टीत एकेका विद्यार्थ्याकडे जाऊन काय बंद करायचं ते शिकवू लागल्या.

मी घाबरून म्हणाले, “मॅडम, नोकरी जाईल.”

“जाऊ दे. सातारा अजून जागेवर आहे.”

पुढच्या महिन्यात मी प्रमुखांच्या सहीसाठी उभी होते. त्यांनी नेटवर्कची यादी उघडली. तिथे एकच कॉम्प्युटर दिसत होता. त्यांचा स्वतःचा.