वाकडं बोट

आज गोराईच्या दफनभूमीत वितळलेल्या मेणाचा वास आला आणि बाबांच्या दफनाचा दिवस समोर उभा राहिला. होडीच्या दोरात अडकून त्यांचं एक बोट कायमचं वाकडं झालं होतं. पेटीत त्यांच्या हातांत जपमाळ गुंफली, तरी ते बोट मिटेना.

शेजारच्या काकू आईला जवळ घेऊन म्हणाल्या, "रडू नको गं. शरीर म्हणजे नुसता कपडा. जुना टाकला, आत्मा नवा घालेल."

आईने डोळे पुसले. "कपडा तुमच्यात असेल. आम्ही दर रविवारी चर्चमध्ये उभं राहून म्हणतो, देहाचं पुनरुत्थान होईल. देहाचं. येशू उठला तो खिळ्यांचे वण घेऊन उठला. माझा माणूसही याच बोटासकट उठणार."

तेव्हा मला तो दुःखातला राग वाटला. आता वाटतं, तिचं भांडण काकूंशी नव्हतंच, मरणाशी होतं.

जागा कमी, म्हणून ती कबर पुढे दुसऱ्याला दिली आणि बाबांच्या अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात आल्या. आज मी कोनाडा पुसत होते, तेव्हा माझी मुलगी म्हणाली, "आई, आत नुसती हाडं आहेत ना?"

"नुसती नाहीत," मी म्हणाले. "त्यात ते बोट आहे."