आज कुणाची भाजी?

वैद्य मॅडम वारल्याची बातमी चहाच्या सुट्टीत आली. फोन मशीनवरच्या रफिकभाईंच्या हातात होता. वाचून त्यांनी तो टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाले, "आता आपल्याला झापायचं कुणी?"

बिडकीनच्या रस्त्यावर आमचा गाड्यांचे सुटे भाग बनवणारा कारखाना आहे. मॅडम तिथं उत्पादनाच्या मॅनेजर. त्यांची एक रीत होती. सकाळी ज्याला झापलं, दुपारी त्याच्याच समोर जेवायला बसायचं आणि त्याच्या डब्यातली भाजी मागून घ्यायची. सगळं कॅन्टीन विचारायचं, "आज कुणाची भाजी?" मी तिथली कामगार, मोर्चांची पत्रकं वाचत वाढलेली. मालकाचा माणूस आणि कामगार एका ताटात जेवत नाहीत, हे मला पाठ होतं. सकाळी मला झापून मॅडम पहिल्यांदा माझ्यासमोर येऊन बसल्या तेव्हा मी डबा झाकला. "राग असेल तर झाकूनच ठेव," त्या म्हणाल्या, आणि शांतपणे आपली पोळी खात बसून राहिल्या. उठल्या नाहीत.

मग एक दिवस पत्रा दाबणाऱ्या प्रेसखालून रफिकभाईंचा हात थोडक्यात वाचला. हात आत गेला की मशीन थांबवणारा सेन्सर बंद होता. वरच्या साहेबांनी ठरवून टाकलं, कामगाराचा निष्काळजीपणा. सिल्लोडहून पोटासाठी आलेल्या या माणसाची नोकरी जाणार होती. मी गेटवर पत्रक चिकटवलं : सेन्सर कुणी बंद केला? जाब द्यायला मला बैठकीत बोलावलं. मी तोंड उघडण्याआधी मॅडमच म्हणाल्या, "उत्तर मी देते. ऑर्डर लांबत होती म्हणून माझ्या सांगण्यावरून बंद केला. काढायचं तर मला काढा." रफिकभाई राहिले. मॅडमची बढती गेली.

त्या दुपारी त्या रफिकभाईंसमोर आल्या, पण बसल्या नाहीत. "आज पाळी तुमची. झापा."

भाईंनी हातातला घास डब्यात ठेवला. मग म्हणाले, "मॅडम, बंद करायच्या आधी मला इचारायचं होतं. हात माझा होता."

"व्हय," मॅडम म्हणाल्या.

भाईंनी खुर्ची ओढून दिली आणि मॅडमच्या डब्यातली भाजी आपल्या डब्यात घेतली.

प्रशिक्षणाच्या वर्गात सांगतात, टीम म्हणजे कुटुंब. हे खोटं आहे, कुटुंबातून कुणाला कमी करत नाहीत. खालच्या माणसाला वरच्याला तोंडावर झापता आलं पाहिजे, आणि त्यानंतर दोघांना एकत्र जेवता आलं पाहिजे. याला मी नातं म्हणते, आणि हे कुठल्याही पत्रकावर माझ्या नावानं छापायला तयार आहे.

गेल्या आठवड्यात मॅडमच्या जागी आलेल्या नव्या साहेबांनी मला झापलं. दुपारी ते ताट घेऊन अधिकाऱ्यांच्या टेबलाकडं निघाले होते. रफिकभाईंनी माझ्यासमोरची, मॅडम बसायच्या ती खुर्ची मागं ओढली. "साहेब, इकडं. आज हिची भाजी."

"म्हणजे?" साहेब ताट धरून घुटमळले.

मी डब्याचं झाकण काढून बाजूला ठेवलं.