मागच्या दाराचा पोचा

सकाळी दारावर थाप पडली तेव्हा वहिनींच्या एका हातात डब्याचं झाकण होतं आणि दुसऱ्या हातात लेकीचा एकुलता एक मोजा. जोडीचा मोजा सोफ्याखाली दिसतोय, अशी खबर नवऱ्याने वर्तमानपत्राआडून दिली होती; काढायला मात्र तो उठला नव्हता.

घराला घंटी होती, चांगली खणखणीत. तरीही गाडीच्या किल्लीने दार ठोठावणारं माणूस त्यांच्या ओळखीत एकच होतं.

"ब्रेकताई," नवरा म्हणाला. "कालचं कळलेलं दिसतंय. मी आंघोळीला जातो."

"झालीये तुमची आंघोळ."

"मग आणखी एक करतो."

ब्रेकताई बायकांना गाडी चालवायला शिकवायच्या. शिकवणाऱ्याच्या पायाशी जो जादाचा ब्रेक असतो, त्यावर त्यांचा पाय असा अलगद असायचा की शिकणारीला वाटावं, गाडी आपणच थांबवली. म्हणून हे नाव. खरं नाव लायसन्सवर असेल. तरुणपणी त्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये फोन घ्यायला बसत. हौसेने नाव नोंदवलेल्या बायका चार दिवसांत यायच्या बंद होत, कारण शिकवणारे मास्तर हसत. "मग मीच शिकले," ताई सांगायच्या. "परीक्षेत दोनदा आपटले. तिसऱ्यांदा परीक्षकच कंटाळला असेल."

पुढे त्यांनी स्वतःची गाडी घेतली, जुनी, राखी रंगाची, आणि तिच्यावरचा एकही पोचा कधी सरळ करून घेतला नाही. नवी शिकणारी आली की आधी तिला गाडीभोवती फिरवायच्या. "हा डॉक्टरीणबाईंचा. हा दोघी बहिणींचा, भांडता भांडता पडला. आणि मागच्या दाराचा हा आमच्या वहिनींचा. फाटकाचा खांब आडवा आला त्यांना." ऐकता ऐकता नवख्या बाईचे आखडलेले खांदे खाली यायचे. वहिनींनी किती वेळा म्हटलं, ताई, तेवढा काढून घ्या हो, मला लाज वाटते. ताई म्हणायच्या, "तुमच्या लाजेवर माझ्या चार बायका टिकल्यात. राहू द्या."

शिकवणीची आणखी एक रीत होती. किल्ली फिरवायच्या आधी शिकणारीला खाली उतरवायचं, गाडीच्या मागे चक्क रस्त्यावर बसवायचं, स्वतः स्टिअरिंगमागे बसायचं आणि ओरडून विचारायचं, "गाडी दिसते का?"

"दिसते."

"तू मला दिसत नाहीस. ये आता."

वहिनींनाही बसवलं होतं. चाळिशी ओलांडलेली, पदवीधर बाई, भर रस्त्यात मांडी घालून. रडूच आलं होतं. ते अपमानाने की भीतीने, हे त्यांना अजून ठरवता आलेलं नव्हतं. पण त्या दिवसापासून मागे न बघता त्यांनी गाडी कधी मागे घेतली नाही. मागच्या दाराचा पोचा पुढे जाताना पडला, हे त्या आवर्जून सांगत.

नेमकी हीच रीत ताईंवर उलटली. कॉलेजातली एक मुलगी पहिल्या दिवशी कपडे खराब होतील म्हणून खाली बसेना, आणि ताईंनी, का कोण जाणे, ते चालवून घेतलं. पुढच्या आठवड्यात तिने आरशात न बघता गाडी मागे घेतली. मागे रस्ता झाडणारा म्हातारा वाकून कचरा भरत होता. ताईंचा पाय ब्रेकवर होता म्हणून तो वाचला.

"उतर," ताई म्हणाल्या, चांगल्या मोठ्याने. "उतर म्हणते ना. बस तिथे."

मुलगी म्हाताऱ्याच्या जागी बसली आणि हमसून हमसून रडली. समोरच्या गच्चीतून कुणीतरी तेवढंच फोनवर टिपून नेटवर टाकलं. रस्त्यावर बसून रडणारी मुलगी आणि गाडीतून ओरडणारी बाई. म्हातारा तोवर झाडू घेऊन पुढे गेला होता. खाली मजकूर होता: फी घेऊन मुलींचा असा अपमान.

मग काय, ज्याला बोट होतं त्याने लिहिलं. हिचं लायसन्स काढून घ्या. माझी मुलगी असती तर दाखवलं असतं. ताईंच्या शिकवणीच्या पानावरचे तारे पटापट विझले. नाव नोंदवलेल्या बायकांनी घरच्या अडचणी सांगून पाय मागे घेतले.

मुलगी ताईंकडे धावत आली. म्हणाली, मी सगळं खरं लिहिते.

"काय लिहिशील? माझ्या हातून माणूस चिरडला जाणार होता, असं?" ताई म्हणाल्या. "लोक मला सोडतील आणि तुला धरतील. माझी कातडी निबर झालीये, तुझी कोवळी आहे. आरशात बघायला शीक, तेवढं पुरे."

आणि त्या क्लिपखाली त्यांनी स्वतः लिहिलं: "ही मीच. ओरडले हेही खरं. शिकणारीला रस्त्यावर का बसवते ते ज्यांना बघायचंय त्यांनी सकाळी मैदानामागच्या रस्त्यावर यावं. त्यांनाही बसवीन." शिव्या देणाऱ्या प्रत्येकाला हेच उत्तर, न चिडता. बरेचसे गप्प झाले. सर्वांत घाणेरडं लिहिणारा एक गृहस्थ मात्र खरंच आला, फोन रोखूनच. गाडीमागे बसला, पँट झटकत उठला आणि संध्याकाळी त्याने लिहिलं, "बसलो. तिला मी दिसत नव्हतो. उद्या बायकोला पाठवतो." त्याच्यामागून आणखी दोघं-तिघं आले. वारं हळूहळू फिरायला लागलं होतं.

एवढ्यात वहिनींना राहवेना.

इमारतीत काहीही लिहायचं झालं, पाण्याची तक्रार असो की कुणाच्या निवृत्तीचा निरोप, ते काम वहिनींचं. त्यांनी एक झकास परिच्छेद लिहिला आणि बायकांच्या ग्रुपवर टाकला: "सगळ्यांनी ताईंच्या पानावर चांगलं लिहा. नमुन्यादाखल हे बघा." बायकांनी नमुना बघितला आणि जसाच्या तसा डकवला. "मी चाळिशी ओलांडलेली, दोन मुलांची आई. स्टिअरिंगला हात लावायची भीती वाटायची. ताईंनी मला पंख दिले." हे तिसऱ्या मजल्यावरच्या अविवाहित मुलीने लिहिलं. तिच्या आजीने लिहिलं, ज्यांनी जन्मात सायकलही चालवली नव्हती. आणि बायकोचा फोन समजून स्वतःच्याच फोनवरून बँकेतल्या निवृत्त काकांनीही लिहिलं.

लोकांना आयतं सापडलं. "दोन मुलांच्या आई असलेल्या काकांना नमस्कार," एकाने लिहिलं. "पंख घाऊक मिळतात का?" दुसऱ्याने विचारलं. सगळ्यांत वाईट म्हणजे, पँट झटकून उठलेल्या त्या गृहस्थाने लिहिलं, "आता माझंही विकतचं होतं असं म्हणतील लोक."

वहिनींनी दार उघडलं. ताई आत आल्या आणि सरळ स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्या.

"घंटी आहे ना आमच्याकडे," वहिनी कसंबसं म्हणाल्या.

"घंटीला तुमचे हे येतात. मला तुम्ही हव्या होत्या." वहिनींनी पुढे केलेल्या चहाचा घोट घेऊन त्या म्हणाल्या, "पंख. मी कधी दिले हो तुम्हाला पंख?"

"ताई, चुकलं माझं. मला वाटलं…"

"वाटलं ते चांगलंच. पण आजींचं वाचून मीच हादरले. त्यांना शिकवलं असतं तर गाडी उरली असती का?"

वहिनींना हसू फुटलं आणि त्याबरोबर डोळेही भरून आले. आत खरोखरच पाण्याचा आवाज येत होता.

"रात्रीच सगळ्यांना काढून टाकायला लावलं," वहिनी म्हणाल्या. "आता खरं काय ते लिहायला सांगते. तो म्हातारा, ती मुलगी…"

"ती नाही." ताईंनी कप खाली ठेवला. त्यांचा पाय फरशीवर दाबला गेला होता, तिथेही ब्रेक असल्यासारखा. "तिची परीक्षा आहे या आठवड्यात. तिचा विषय कुठेही निघायला नको."

"मग लोकांना पटायचं कसं? बायका येईनाशा झाल्या तर काय करणार तुम्ही?"

"गाडी बघून पटतं ना. नवी बाई येते, पोचे बघते आणि मगच आत बसते. तुम्ही काल मला रंग मारून उभी केलीत, वहिनी. अशा गाडीत मीसुद्धा बसले नसते."

वहिनींनी डब्याचं झाकण लावलं. त्यांनी इतकी वर्षं लोकांसाठी लिहिलं होतं; स्वतःच्या फजितीचं असं एक वाक्यही नाही. ताई उठल्या, किल्ली मुठीत घेतली. सोफ्यापाशी वाकून मोजा काढला, झटकला आणि वहिनींच्या हातात दिला.

"एवढं करा माझ्यासाठी," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला रस्त्यावर बसवून रडवलं आणि तुम्ही माझं मागचं दार ठोकलंत, एवढंच लिहा. आणि खाली तुमचं नाव घाला."