रजेच्या अर्जातले नट-बोल्ट
कारखान्यातून आलेल्या सुनेच्या युनिफॉर्मला मशीनच्या कूलंटचा वास आला, की मी कामाला होते ते चाकणच्या कंपनीतलं स्टोअर आठवतं. त्या दिवशी सकाळीच माझी आई गेल्याचा फोन आला होता. रजेचा अर्ज अर्धा लिहून मी आधी नट-बोल्ट पाठवायचं चलान उरकायला त्याची विंडो पुढे घेतली. टायपिंगच्या परीक्षेत पहिली आलेली मी शहाणी, स्क्रीनकडे कशाला बघतेय? चलान पुढे दिसत होतं, पण त्यात क्लिक करायचं राहिलं; कर्सर मागे अर्जातच होता. ‘आई वारली’च्या खाली सगळ्या नट-बोल्टांचे नंबर गेले आणि तो अर्ज मी न वाचताच पाठवला. साहेब स्वतः उठून आले. “ताई, हे काय? निघा तुम्ही.” “चलान कोरंच राहिलंय, साहेब. माल गेला नाही तर असेंब्ली लाइन थांबेल.” चलान पुन्हा टाइप करून मी गावी पोचले, तोवर सरण विझत आलं होतं. सून विचारते, “आई, मग तुम्ही रडलात कधी?” मी म्हणते, “चलान बिनचूक होतं.”