ग्लोव्ह बॉक्सच्या मागं

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. देवापुढं हात जोडले तेव्हासुद्धा मनातल्या मनात हे शब्द कधी जुळवले नाहीत. आज तुम्हाला सांगतोय. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असेल.

आधी माझं काम सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. शिरूरला बायपासच्या अलीकडं माझं गॅरेज आहे. पण मला लोक ओळखतात ते जुन्या गाड्या बघून देणारा म्हणून. कोणाला सेकंडहँड गाडी घ्यायची असली की व्यवहाराच्या आधी मला फोन येतो — मामा, जरा नजर टाकता का? रांजणगावच्या कंपन्यांतले असतात, दौंडचे रेल्वेवाले असतात, केडगावचे बागायतदार असतात. मी जातो, गाडी चालवतो, खाली आडवा होऊन बघतो आणि शेवटी एकच शब्द सांगतो. घ्या, नाहीतर सोडा. माझ्या शब्दावर लोक थांबतात.

त्यातही एका गाडीसाठी माझं नाव झालं. तिचं नाव घेत नाही, त्यात तिचा दोष काही नाही. मधल्या आकाराची, मागं डिकी असलेली, आमच्याकडं पुष्कळ खपलेली गाडी. तिच्या तीन पिढ्या आल्या आणि तिन्ही मी खोलून बघितल्यात. पहिली पिढी पत्र्याला जाड, इंजिन दमदार, पण पेट्रोल पिते आणि मागच्या चाकांच्या वर आतून गंज धरते. तिथं बोट दाबून बघायचं. तिसरी नवी, सगळी सेन्सरची, हातात घेतली की खेळण्यासारखी पळते, पण बिघडली की आपल्यासारख्याचं काम नाही. आणि मधली — डिझेलची. तीच सगळ्यात चांगली, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो. क्लच टिकतो, सीट उंच, लांबच्या रस्त्याला अंग दुखत नाही.

फक्त मधलीचं एक असतं. ती हायवेवर पळालेली असते. म्हणून ती कुठंतरी ठोकलेली असण्याची शक्यता जास्त. समोरून ठोकली की एअरबॅगा उघडतात, आणि एकदा उघडलेली बॅग परत घडी घालून बसवता येत नाही, नवीच घालावी लागते. काहीजण स्टिअरिंगमधली नवी घालतात, कारण ती समोर दिसते. डावीकडची, डॅशबोर्डमधली, घालतच नाहीत. वरून डॅशबोर्ड नीट करून घेतात, आणि धोक्याचा दिवा पेटू नये म्हणून वायरीच्या टोकाला रेझिस्टरचा एक बारकासा तुकडा जोडून देतात. गाडीला वाटतं बॅग आहे. माणसालाही वाटतं.

हे ओळखायला सोपं आहे. समोरचा कप्पा — ग्लोव्ह बॉक्स — उतरवायचा आणि आत वर बघायचं. पाच मिनिटांचं काम. मी प्रत्येकाला सांगायचो, मधली घेताना ग्लोव्ह बॉक्स उतरवल्याशिवाय हो म्हणू नका.

आता सांगतो.

दौंडला प्रज्ञा नावाची मुलगी राहते. रांजणगावला एका कंपनीत क्वालिटीला आहे. तिचे वडील, आप्पा, रेल्वेत गँगमन होते, रिटायर झाले. आयुष्यभर रुळांवरून चालले. घरात कधी गाडी नव्हती. प्रज्ञानं पैसे साठवले आणि ठरवलं की कंपनीच्या बसनं जायचं नाही, स्वतःची गाडी घ्यायची. आणि घ्यायची तर मधलीच, कारण तिच्या डिपार्टमेंटमध्ये दोघांना मी मधलीच बघून दिली होती.

गाडी दौंडलाच होती. पांढरी, स्वच्छ. मी चालवली. इंजिन सरळ होतं, स्टिअरिंग कुठं ओढत नव्हतं, बोनेटच्या बोल्टला पाना लागल्याची खूण होती पण ती पुष्कळ गाड्यांना असते. आप्पा बाजूला उभे होते. धुतलेला सदरा घालून आले होते, जणू कोणाच्या साखरपुड्याला आलेत. ते गाडीला हात लावत नव्हते. नुसते बघत होते.

मी ग्लोव्ह बॉक्स उतरवला नाही.

का नाही उतरवला? मला त्या दिवशी केडगावला दुसरी गाडी बघायची होती, हे खरं. ऊन होतं, हेही खरं. पण असली कारणं रोजच असतात. पेचकस माझ्या खिशात होता. मी डॅशबोर्डवर हात फिरवला, आप्पांकडं बघितलं आणि म्हणालो, घ्या.

इथपर्यंत चूक होती. चूक माणसाकडून होते, असं तुम्ही म्हणाल. म्हणून मी पुढचं सांगतो, कारण पुढचं चूक नव्हतं.

चार-पाच महिन्यांनी प्रज्ञा गाडी घेऊन गॅरेजला आली. एसीची हवा कमी येत होती. एसीच्या हवेचा फिल्टर ह्या गाडीत ग्लोव्ह बॉक्सच्याच मागं असतो. मी कप्पा उतरवला, फिल्टर ओढला, धुळीनं भरलेला होता. आणि सवयीनं वर बघितलं.

वर काही नव्हतं. नुसती लोखंडी पट्टी, आणि खाली लोंबणारी पिवळी वायर. तिच्या टोकाला काळ्या टेपमध्ये गुंडाळलेला तो तुकडा.

प्रज्ञा बाहेर फोनवर बोलत होती. दहा पावलांवर. हाक मारायची होती फक्त. मी टॉर्च बंद केला. नवा फिल्टर सरकवला. कप्पा परत बसवला, दोन्ही बाजूंनी टक् आवाज येईपर्यंत दाबला. ती आत आली, तेव्हा मी हात पुसत होतो. म्हणाली, झालं का मामा? मी म्हणालो, झालं. गाडी झकास आहे.

भीती कशाची होती मला? ती भांडली असती असंही नाही. तिनं फक्त कंपनीत सांगितलं असतं की मामांनी बघितलंच नव्हतं. तेवढ्यासाठी. मी स्वतःला म्हणालो, पुढच्या सर्व्हिसिंगला सांगू, काहीतरी निमित्त काढून बॅग बसवू. असं म्हटलं की बरं वाटायचं. तिची गाडी रस्त्यात दिसली की मी दुसरीकडं बघायचो, आणि मग तेही सवयीचं झालं.

पुढची सर्व्हिसिंग आली नाही. प्रज्ञा आणि आप्पा न्हावऱ्याकडून दौंडला निघाले होते, एका नातेवाईकाला भेटून. दिवस मावळायचा होता. आडवा कुत्रा आला, प्रज्ञानं स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी मोरीच्या कठड्यावर गेली. डावी बाजू आत गेली. प्रज्ञाची बॅग उघडली. तिचं मनगट मोडलं, तेवढंच. आप्पांचं तोंड डॅशबोर्डवर आदळलं. एक डोळा गेला. दुसऱ्यानं त्यांना उजेड कुठं आहे, एवढं कळतं.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो नाही. आधी गाडी ओढून ठेवली होती तिथं गेलो. काय बघायला गेलो होतो, ते तुम्हाला कळलं असेल. डॅशबोर्ड फुटला होता, पिवळी वायर उघड्यावर दिसत होती. मी तो तुकडा ओढून काढला आणि खिशात टाकला. परत येताना भीमेच्या पुलावर गाडी थांबवून टाकून दिला.

आणि तिथंच आणखी एक बघितलं. डाव्या सीटचा पट्टा. तो बाहेर आलेल्या अवस्थेत अडकून बसला होता, माणसाच्या अंगाएवढा. कापडावर, जिथून ते बकलात घासतं तिथं, चकाकणारी ओरखड्याची खूण होती. जोरात भार आल्याशिवाय ती येत नाही. रिकाम्या सीटवर, न लावलेल्या पट्ट्यावर ती येतच नाही. माझं पोट त्याच्यावर आहे, मला ते पुस्तकासारखं वाचता येतं.

महिन्याभरानं आप्पा घरी आले तेव्हा भेटायला गेलो. दौंडला, त्यांच्या दोन खोल्यांत. ते पलंगावर बसले होते, सदऱ्याची बटणं उघडी. डाव्या खांद्यावरून खाली छातीवर तिरका एक पट्टा उमटला होता, पिवळा-काळा, अजून न गेलेला. त्यांची बायको त्याच्यावर तेल चोळत होती. घरातले सगळे रोज ते बघत होते आणि कोणालाच ते काय आहे ते कळत नव्हतं.

प्रज्ञानं चहा दिला. मग खाली बसली आणि हळू विचारलं, "मामा, माझी बॅग उघडली. आप्पांची का नाही उघडली?"

तिच्या आवाजात संशय नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. तिनं मला विचारलं, कारण ह्या गाडीचं जे काही विचारायचं ते मलाच विचारायचं असतं.

मी म्हणालो, "पट्टा लावला नसला की त्या बाजूची बॅग उघडत नाही. आप्पांनी लावला नसेल."

इतकं सहज निघालं. मला आधी वाक्य जुळवावंसुद्धा लागलं नाही.

आप्पा म्हणाले, "म्या लावला व्हता."

प्रज्ञा त्यांच्याकडं वळली.

"लावला व्हता," ते परत म्हणाले. "बसल्याबरूबर लावला. तूच न्हाई का म्हणलीस, आप्पा, पट्टा."

"मी म्हणाले होते, आप्पा. तुम्ही लावला का ते मी बघितलं नाही." मग ती माझ्याकडं वळली. "नक्की असंच असतं का, मामा?"

मी म्हणालो, "व्हय. असंच असतं."

ती रडायला लागली. आवाज न करता. "किती वेळा सांगितलं तुम्हाला," असं म्हणाली वडिलांना. आप्पांचा हात पलंगाच्या कडेवरून मागं-पुढं होत राहिला. मी चहा संपवला. गाडी दुरुस्तीच्या पलीकडं गेली आहे, लवकर भंगारात काढलेली बरी, असं सांगितलं, आणि भंगारवाला मीच बघून दिला. ती गाडी आता कुठंच नाही.

तुम्हाला वाटेल, त्यानंतर मला झोप लागली नाही. लागली. जेवलो, गाड्या बघितल्या, लोकांना सल्ले दिले. उलट आणखी एक केलं, तेही सांगून टाकतो. गिऱ्हाइकांना समजवताना मी आप्पांचं उदाहरण द्यायला लागलो. नाव न घेता. म्हणायचो, दौंडचे एक रेल्वेवाले होते, पट्टा लावला नाही, बघा काय झालं. लोक ऐकायचे आणि लगेच पट्टा ओढायचे. चांगलंच झालं ना? असं मी स्वतःला विचारायचो.

दोन वर्षं गेली. ह्या उन्हाळ्यात प्रज्ञाचा फोन आला. परत गाडी घ्यायची होती. आप्पांना पुण्याला डोळ्याच्या डॉक्टरकडं न्यावं लागतं, बसनं जमत नाही. ह्या वेळी तिसऱ्या पिढीची बघितली होती. म्हणाली, तुम्ही या, मामा, तुमच्याशिवाय नको.

गेलो. गाडी शिरूरलाच होती. मी सगळं उतरवलं. ग्लोव्ह बॉक्स, स्टिअरिंगखालचं झाकण, सीटच्या बाजूची पट्टीसुद्धा. दोन तास लावले. बॅगा सगळ्या जागेवर होत्या, कंपनीच्याच, नंबर जुळणाऱ्या. गाडीवाला वैतागला. आप्पा सावलीत खुर्चीवर बसले होते, चेहरा माझ्या आवाजाकडं करून.

मी त्यांच्याजवळ गेलो तेव्हा ते म्हणाले, "मामा, तवा मी उगा हट्ट धरला, पट्टा लावला व्हता म्हणून. तुमी सांगितलं मग पटलं. न्हाईच लावला आसंल. म्हाताऱ्याला काय ध्यान ऱ्हातंय."

मी काय म्हणालो, माहीत आहे? म्हणालो, असू द्या, आप्पा. झालं ते झालं.

त्यांना माफ केल्यासारखं म्हणालो.

प्रज्ञानं त्यांना हाताला धरून सीटवर बसवलं. त्यांनी स्वतः चाचपत पट्टा ओढला, बकल शोधायला वेळ लागला, पण कोणाला मदत करू दिली नाही. टक् वाजलं. मग काचेबाहेर तोंड करून मला म्हणाले, "बघा बरं. लागलाय का? माझा मला आता भरवसा न्हाई."

मी वाकलो, पट्टा ओढून बघितला. लागलाय, म्हणालो.

प्रज्ञा हसली, म्हणाली, मामांनी बघितलं म्हणजे झालं. गाडी दौंडच्या रस्त्याला लागली. मी गॅरेजला आलो. दुपारी कोरेगाव भीमाला एक मधली बघायची होती, ती बघितली.

अपघाताच्या त्या संध्याकाळी आप्पांनी पट्टा लावला होता. त्यांच्यापुढं बॅग नव्हती. गाडीत ती नाही हे मला आधीपासून माहीत होतं, आणि त्यांनी पट्टा लावला होता हे मला त्यांच्याहून पक्कं माहीत होतं. ते अजून दौंडला त्याच दोन खोल्यांत राहतात. त्यांना वाटतं, आपले डोळे आपल्याच चुकीनं गेले.