सहाव्या तुकड्यावरची टेकडी

बिजौलीच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या शेडमध्ये त्या दुपारी चहाचा मातीचा कुल्हड मी नेला होता, हे आजवर कोणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. ते सांगायचं तर आधी माझ्या थोरल्या साडूंबद्दल, दादांबद्दल सांगायला हवं. काचेचा एवढा ध्यास घेतलेला माणूस अख्ख्या झाशीत दुसरा सापडायचा नाही. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रा काढतात. यांनी अवकाशात जाणाऱ्या दुर्बिणीसाठी आरसा करायला काढला. तोही सात षट्कोनी तुकड्यांचा, जुळवले की एक व्हावेत असे. वजन घटावं म्हणून प्रत्येकाची पाठ मधाच्या पोळ्यासारखी कोरलेली. या कोरण्याचा पहिला प्रयोग घरच्या पोळपाटावर झाला. त्यांची बायको, आमच्या ताई, म्हणायच्या, "पोळी लाटली की डमरू वाजतो. शेजारीण विचारते, आरती आहे का?"

लग्नाच्या पंगतीत ते रिकामं ताट डोळ्यांसमोर धरून त्याचा बाक तपासत. वाढपी ताटकळत उभा. शेडमध्ये तर श्वासावरही पहारा. मी कचेरीतला कारकून, म्हणून मला "बाबूजी, साँस ज़रा उधर," असं बजावत. काचेवर लोकरीचा धागा पडेल म्हणून जानेवारीतही स्वेटर दाराबाहेर. चहा वर्ज्य. इतक्या पातळ काचेला जराशी ऊब लागली तरी ती फुगते, हे मला शंभरदा ऐकवलेलं. हादरे नकोत म्हणून तपासणी फक्त दुपारी, शेजारच्या कारखान्यातला हातोडा जेवणासाठी थांबला की.

त्या दिवशी दुपारपर्यंत धुकं हटलं नव्हतं. चार दिवसांनी दुर्बीण बनवणाऱ्या संस्थेचे लोक आरसा पाहायला येणार होते आणि दादांना जेवण जात नव्हतं. ते जरा बाहेर गेले तसा मी कुडकुडत टपरीवरून कुल्हड आणला. पावलं वाजली. पन्नाशीचा मी, घाबरून तो कुल्हड सहाव्या तुकड्याच्या पाठीमागे लपवला.

दिव्याच्या उजेडात दादांनी तो तुकडा पाहिला आणि पडेल आवाजात म्हणाले, "मधोमध टेकडी उठलीय." तीनदा पाहिल्याशिवाय घासायचं नाही, हा नियम त्यांचाच, पण दिवस चारच उरले होते.

"दादा, उद्या पुन्हा बघू या का?"

"फाइल आहे होय ही, बाबूजी, उद्यावर टाकायला?"

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी स्वेटर घालून घरी गेलो. दोन दिवस ते ती टेकडी घासत होते. तिसऱ्या दिवशी पाहिलं तर तिथे खड्डा. बाकीचे सहा तुकडे जुळले, तो जुळला नाही. आलेले लोक नमस्कार करून परत गेले. "हात गेला माझा," एवढंच म्हणून दादांनी शेडला कुलूप घातलं.

हल्ली पंगतीत ते ताट उचलत नाहीत. मी प्रेम नगरला त्यांच्या घरी गेलो की उजवा हात पुढे धरतात. "बघा हो, थरथरतोय का?" मी नाही म्हणतो. ते खरंच असतं. "तुम्ही मन राखायला बोलता," म्हणतात आणि हात शालीत घेतात.

हे लिहून झालं. त्यांच्यासमोर बोलणं राहिलंय. एक वाक्य मी त्यांचं देणं लागतो: दादा, ती टेकडी माझ्या चहाची होती.